मेनू उघडतो आणि हातातून निसटतो: दर काही महिन्यांनी परत येणारी तक्रार

"पुस्तक आहे की नाही ते साइटवर बघायचं कुठं? मेनू दिसतो, पण हात लावला की मिटतो."

या अर्थाचा निरोप मला दर काही महिन्यांनी येतो. वाचनालये, पतसंस्था, शाळा अशा लहान संस्थांच्या साइटांची देखभाल मी करतो. संस्था बदलते, निरोप पाठवणारा बदलतो, तक्रार मात्र तीच. पूर्वी मी दर वेळी काहीतरी डागडुजी करून द्यायचो आणि तीन-चार महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहायची. शेवटी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात अख्खी दुपार बसून तिचा मुळापासून माग काढला. हाच बिघाड मराठीतल्या कितीतरी साइटांवर दिसतो आणि त्यामुळे माणसे खरोखर अडून बसतात, म्हणून सगळे सविस्तर लिहितो आहे.

एक मेनू, तीन माणसे

साइटवर वरच्या बाजूला आडवी पट्टी होती: मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, कार्यकारिणी, विभाग, उपक्रम, छायाचित्रे, संपर्क. 'विभाग'वर माउस नेला की खाली यादी उलगडायची. त्या यादीत सातव्या ओळीवर 'ग्रंथशोध'. लोक ज्या कामासाठी साइट उघडतात ते काम तिथे, सातव्या ओळीवर.

वाचनालयाचे एक सभासद निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना दिसत नाही. ते एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आधारे संगणक वापरतात. (मायकेल करन यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केले, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही ऑस्ट्रेलियातले, दोघेही अंध. विंडोजवर हा प्रोग्राम आजही पूर्ण मोफत आहे.) मी सरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी टॅबची कळ दाबायला सुरुवात केली. मुख्यपृष्ठ, लिंक. आमच्याविषयी, लिंक. कार्यकारिणी, लिंक. उपक्रम, लिंक.

सर थांबले. "तुम्ही म्हणता ते 'विभाग' कुठं गेलं?"

ते मागे आले, या वेळी बाणाच्या कळीने एकेक ओळ ऐकत. आता 'विभाग' हा शब्द ऐकू आला, पण नुसता. त्याच्यामागे 'लिंक' नाही, 'बटन' नाही. सरांनी एंटर दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "म्हणजे हे नुसतं लिहिलेलं आहे होय? मी समजलो दार आहे."

त्याच दुपारी बालविभागात मुलाला घेऊन आलेल्या एका ताईंनी त्यांचा फोन दाखवला. 'विभाग'वर बोट ठेवले की यादी क्षणभर दिसायची आणि बोट उचलले की गायब. तिसरे एक आजोबा. त्यांचा हात थोडा थरथरतो. माउस यादीपर्यंत नेईतो बाण जरा बाजूला सरकायचा आणि यादी मिटायची. चार वेळा प्रयत्न करून त्यांनी माउस बाजूला ठेवला आणि काउंटरवर जाऊन विचारले.

या तक्रारी माझ्याकडे तीन वेगवेगळ्या निरोपांतून आल्या असत्या आणि मी तिन्हींवर तीन वेगळे उपाय केले असते. पण दुखणे एकच होते. पूर्ण मेनू होव्हरवर, म्हणजे माउसचा बाण नुसता वर नेऊन ठेवण्यावर, टांगलेला होता. सरांच्या हातात माउस नाही. ताईंच्या फोनला बाण नाही. आजोबांचा बाण स्थिर नाही.

आधी खात्री करून घ्या

तुमच्या साइटवर हेच आहे का, ते दोन मिनिटांत कळते. माउस उलटा करून बाजूला ठेवा. पान नव्याने उघडा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केप एवढ्या कळा वापरून मेनूतल्या सगळ्यात आतल्या पानापर्यंत जाऊन दाखवा. वाटेत तुम्ही कुठे आहात हे दाखवणारी चौकट दर टप्प्यावर दिसली पाहिजे.

चौकट दिसतच नसेल तर कुणीतरी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'आउटलाइन: नन' लिहून ठेवले आहे. ते आधी काढा, बाकीचे नंतर. क्लिक केल्यावर ती चौकट दिसायला नको असते म्हणून लोक ती पुसतात. त्यासाठी सीएसएसमध्ये 'फोकस-व्हिजिबल' हा सिलेक्टर आहे. मेनूतल्या लिंकवर आणि बटनावर माउसने क्लिक केले तर चौकट येत नाही, कळीने गेल्यास येते.

चौकट एखाद्या घटकावरून उडी मारून पुढे जात असेल तर तो घटक लिंकही नाही, बटनही नाही. आमच्या 'विभाग'चे हेच होते, तो साधा स्पॅन, म्हणजे मजकुराभोवतीचे नुसते वेष्टण, होता. आणि चौकट पाच-दहा टॅब गायब होऊन मग अचानक उगवत असेल, तर यादी डोळ्यांपुढून लपवली आहे पण कळफलकासाठी उघडीच आहे. हा तिसरा प्रकार फोनच्या मेनूत फार सापडतो. त्याकडे पुढे येतो.

आजवरच्या डागडुज्या का टिकल्या नाहीत

जुन्या फायली चाळल्यावर माझेच चार उपाय एकावर एक रचलेले दिसले. पहिल्यांदा यादी मिटण्याआधी ३०० मिलिसेकंदांचा विलंब लावला होता. तरुण हातांना तेवढे पुरले, आजोबांना नाही. विलंब वाढवला तर शेजारच्या शब्दावर गेल्यावरही जुनी यादी रेंगाळायची. दुसऱ्यांदा पट्टी आणि यादी यांच्यामधली आठ पिक्सेलची फट बुजवली. बाण त्या फटीवरून जाताना यादी मिटत होती, म्हणून ते खरेच उपयोगी पडले, पण फक्त माउसवाल्यांना. तिसऱ्यांदा यादी मुख्यपृष्ठावरच्या फिरत्या चित्रांच्या मागे जात होती, म्हणून झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसेल हे ठरवणारा आकडा, ९९९९ करून टाकला. चौथ्यांदा फोनसाठी वेगळी जावास्क्रिप्ट जोडली, आणि तीच आता होव्हरशी भांडत होती. स्पर्श झाला की ब्राउझर आधी होव्हर झाल्याचे समजून यादी उघडायचा, आणि लगेच मागून येणारा क्लिक आमच्या स्क्रिप्टला मिळायचा. स्क्रिप्ट बघायची की यादी उघडी आहे, म्हणून मिटवायची. ताईंच्या फोनवर क्षणभर दिसून गायब होणारी यादी ती हीच.

या चारही उपायांत होव्हर जागच्या जागी राहिला होता. तो आहे तोवर तक्रार परत येणारच.

वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या, २.१ आवृत्तीत २०१८ साली होव्हरने उघडणाऱ्या मजकुरासाठी एक वेगळा निकष आला. असा मजकूर बाण न हलवता एस्केपने बंद करता यावा, त्याच्यावर बाण नेता यावा, आणि वाचणारा तिथून हटेपर्यंत तो आपण होऊन नाहीसा होऊ नये. होव्हर ठेवायचाच असेल तर या तिन्ही अटी पाळाव्या लागतात. लहान संस्थेच्या साइटसाठी माझे मत स्पष्ट आहे: होव्हरने यादी उघडणे पूर्ण सोडून द्या. क्लिकने उघडणारा मेनू माउस, बोट आणि कळफलक या तिघांनाही कळतो.

दुरुस्ती: 'विभाग'ला खरे बटन करा

पट्टीतला तो शब्द स्पॅनमधून किंवा डिव्हमधून काढून एचटीएमएलच्या बटन टॅगमध्ये घाला. या एका बदलाने निम्मे काम होते. बटनावर टॅब थांबतो, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, स्क्रीन रीडर 'बटन' असे सांगतो, आणि यातले काहीही तुम्हाला वेगळे लिहावे लागत नाही. डिव्हला क्लिक जोडून मग टॅबइंडेक्स, मग रोल, मग कळांची स्क्रिप्ट असे एकेक ठिगळ लावणाऱ्यांचे कोड मी पाहिले आहेत. शेवटी कुठलीतरी एक कळ राहूनच जाते.

त्या बटनावर एरिया-एक्सपांडेड हा गुणधर्म ठेवा. यादी मिटलेली असताना त्याची किंमत 'फॉल्स', उघडली की 'ट्रू'. ऐकणाऱ्याला यावरूनच कळते की यातून काहीतरी उघडते आणि आत्ता ते उघडे आहे की मिटलेले. स्क्रिप्टने ही किंमत बदलायची आणि सीएसएसने तिच्याकडेच बघून यादी दाखवायची, असे बांधले की दिसणारी आणि ऐकू येणारी स्थिती कधी वेगळी पडत नाही. मी पूर्वी यादीला वेगळा क्लास लावायचो. एकदा क्लास बदलला आणि गुणधर्म बदलायचा राहिला, तेव्हा सरांना उघडी यादी मिटलेली ऐकू आली.

यादी एचटीएमएलमध्ये बटनाच्या लगेच खाली असू द्या, म्हणजे पुढचा टॅब आपोआप यादीतल्या पहिल्या लिंकवर पडतो. मिटलेली यादी 'डिस्प्ले: नन'ने लपवा. एस्केप दाबल्यावर यादी मिटावी आणि फोकस, म्हणजे कळफलकाची ती चौकट, पुन्हा बटनावर यावा. हे दुसरे हमखास विसरले जाते. फोकस परत आणला नाही तर तो हरवतो आणि ऐकणारा माणूस पानाच्या सुरुवातीला फेकला जाऊ शकतो. यादीच्या बाहेर क्लिक केले किंवा टॅब यादीबाहेर गेला तरीही ती मिटू द्या.

एक चूक चांगले जाणकारही करतात. मेनू म्हटल्यावर ते रोलमध्येही, म्हणजे घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या गुणधर्मातही, 'मेनू' लिहितात. तो रोल वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रामच्या मेनूसाठी आहे. तो लिहिला की स्क्रीन रीडर वाचनाची पद्धत बदलतो, बाणांच्या कळा पानासाठी सोडून देतो, आणि आता बाणांनी इकडेतिकडे फिरता येईल असे ऐकणाऱ्याला वाटते. तुम्ही बाणांची स्क्रिप्ट लिहिलेली नसते, त्यामुळे तो तिथेच अडकतो. साइटच्या मेनूला नॅव्ह टॅग, आत साधी यादी, आत लिंका आणि बटने एवढे पुरते. नॅव्हला 'मुख्य' असे नाव द्या. पानाच्या तळाशी दुसरा नॅव्ह असेल तर नावामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. ज्या पानावर आपण आहोत त्या लिंकला एरिया-करंट लावा, किंमत 'पेज'.

'विभाग'ला स्वतःचे पान असेल तर बटन दाबल्यावर पान उघडायचे की यादी, हा पेच येतो. त्यावर मला पटलेला उपाय साधा आहे. बटनाने फक्त यादी उघडायची आणि यादीतली पहिली लिंक 'सर्व विभाग' ठेवायची.

यादीच्या आत यादी मात्र नको. आमच्याकडे 'विभाग'मधल्या 'बालविभाग'ची यादी उजवीकडे उघडायची. बाण तिकडे तिरका नेताना वाटेतल्या 'संदर्भ विभाग'वरून जायचा आणि भलतीच यादी उघडायची. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच प्रयोगांतून मांडले होते की लक्ष्य जितके लहान आणि लांब, तितका तिथे हात पोहोचायला वेळ लागतो. आतली यादी ही दोन्ही संकटे एकदम आणते. तिसरी पातळी लागतेय असे वाटले की ते विभागाच्या पानावर हलवा.

आणि जावास्क्रिप्ट आलीच नाही तर? गावाकडच्या नेटवर हे होते, पान येते आणि स्क्रिप्ट वाटेत अडकते. म्हणून मूळ एचटीएमएलमध्ये याद्या उघड्याच ठेवा आणि मिटवण्याचे काम स्क्रिप्टला सांगा. स्क्रिप्ट आली नाही तर पान लांबलचक दिसेल, पण वाट बंद होणार नाही.

फोनवरचा मेनू

तीन आडव्या रेघांच्या चिन्हाशेजारी 'मेनू' हा शब्द लिहा. त्या रेघांचा अर्थ न कळणारी माणसे मी वाचनालयात रोज पाहतो. शब्दाला जागा नाही असे म्हणणारे लोगोला मात्र अर्धा पडदा देतात.

बाजूने सरकत येणारा मेनू बहुतेक वेळा पडद्याबाहेर ढकलून ठेवलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण अँड्रॉइडच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरला दिसतो. बोट उजवीकडे सरकवत वाचणाऱ्याला मुख्य मजकुरापर्यंत पोहोचण्याआधी या न दिसणाऱ्या सगळ्या लिंका ऐकाव्या लागतात. मिटलेल्या स्थितीत त्याला 'व्हिजिबिलिटी: हिडन' किंवा, कळफलक आणि स्क्रीन रीडर दोघांपासून भाग दूर ठेवणारा, इनर्ट हा गुणधर्म लावा. इनर्ट २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो.

मेनूची उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या उंचीएवढी, ठेवली असेल तर शेवटच्या एक-दोन ओळी फोनच्या ब्राउझरपट्टीमागे दडतात, आणि 'संपर्क' नेमका शेवटी असतो. व्हीएचऐवजी, ब्राउझरपट्टी दिसते-लपते तसे बदलणारे, डीव्हीएच वापरा आणि आतला मजकूर सरकू द्या. ओळींचा आकार डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे किमान २४ बाय २४ पिक्सेल हवा. मी ४४ च्या खाली जात नाही. वरची पट्टी सरकताना जागेवर चिकटून राहत असेल तर टॅबने गेलेली लिंक तिच्याखाली लपत नाही ना तेही बघा. 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप'ने ते सुटते.

'मुदत'ची 'मदत'

हा भाग इंग्रजी लेखांत सापडणार नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नवा मेनू लावल्यानंतर ग्रंथपाल मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, "हे 'मदतवाढ' काय आहे?" मी जवळ जाऊन पाहिले. शब्द 'मुदतवाढ' होता. मेनूच्या ओळीची उंची ठरावीक होती, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या किती पट, १ होती आणि वर 'ओव्हरफ्लो: हिडन', म्हणजे बाहेर जाईल ते कापून टाका. 'मु'चा उकार खालून कापला गेला होता. शेजारच्या 'वर्गणी'वरचा रफार वरून अर्धा गेला होता. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, रोमन लिपीसाठी बनवलेली. तिच्या लेखी अक्षराच्या वर-खाली एवढीच जागा लागते. आपल्या लिपीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असे दोन जादा मजले लागतात.

म्हणून ठरावीक उंची काढून टाका, वर-खाली पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या, आणि लाइन-हाइट मेनूत किमान १.५, मजकुरात १.६ ते १.८ ठेवा. तपासायला एकच ओळ पुरते: 'वर्गणी, मुदतवाढ, ग्रंथसूची, दुर्मीळ कृती'. ती सगळ्या खुणांसह दिसली की बाकीचे शब्दही दिसतील. फाँट उशिरा उतरतो तेव्हा आधी फोनचा स्वतःचा फाँट दिसतो, त्यातही हीच ओळ बघून घ्या.

अक्षरांमधले अंतर वाढवणारे लेटर-स्पेसिंग मराठीला कधीच लावू नका. शिरोरेखा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरे होतात. डोळ्यांना कमी दिसणारा माणूस शब्द त्याच्या रेषेवरून ओळखतो. मेनू उठून दिसावा म्हणून थीमवाले हे हमखास लावतात.

मराठी शब्द लांबही असतात. 'होम'च्या जागी 'मुख्यपृष्ठ', 'अबाउट'च्या जागी 'आमच्याविषयी'. इंग्रजीत एका ओळीत मावलेली पट्टी मराठीत दोन ओळींत जाते आणि खालच्या चित्रावर चढते. पान ४०० टक्के मोठे करून बघा. १२८० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर तेव्हा ३२० पिक्सेलच उरतात, आणि तेवढ्यातही आडवे न सरकवता सगळे वाचता आले पाहिजे.

साइट मराठी आहे हे संगणकाला सांगितले आहे का?

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा लँग गुणधर्म असतो. तयार थीममध्ये तो इंग्रजी असतो आणि कुणी बदलत नाही. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने देवनागरी वाचायला घेतो. काही आवाज गप्प राहतात, काही सुटी अक्षरे म्हणत बसतात. सरांनी इतकी वर्षे प्रत्येक मराठी साइटवर स्वतः हाताने आवाज बदलला होता. त्यांना वाटायचे की पद्धतच तशी आहे. दोन अक्षरांचा हा गुणधर्म मराठीचा केला, आणि पान उघडताच आवाज मराठी झाला. सर काही वेळ नुसते ऐकत राहिले. मेनू दुरुस्त झाल्याचा त्यांना आनंद झाला होता, पण हे ऐकताना त्यांचा चेहरा निराळाच होता.

'हिंदी' लिहिलेले असेल तरी बदला. लिपी एक असली तरी उच्चार वेगळे पडतात, आणि काही फाँटांमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' भाषा मराठी सांगितल्यावरच येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर असेल तर मात्र यातले काहीही लागू पडत नाही. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल.

मेनूत काय असावे, हे कुणी ठरवायचे

मेनू नीट उघडायला लागल्यावर दुसरा प्रश्न समोर आला. 'ग्रंथशोध' सातव्या ओळीवर का? कारण मेनू संस्थेच्या रचनेप्रमाणे मांडला होता. आधी इतिहास, मग कार्यकारिणी, मग विभाग, वार्षिक अहवालात असतो त्याच क्रमाने.

आम्ही दोन आठवडे काउंटरवर एक वही ठेवली. फोनवर किंवा समोर कुणी काहीही विचारले की एक ओळ लिहायची. पुस्तक आहे का, आज उघडे आहे का, वर्गणी किती, मुदत वाढवून मिळेल का, अभ्यासिकेत जागा आहे का. पानेच्या पाने याच पाच प्रश्नांनी भरली. कार्यकारिणीत कोण आहे हे एकानेही विचारले नव्हते. मग वेगवेगळ्या पानांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून सभासदांना दिली आणि त्यांना वाटतील तसे गठ्ठे करायला सांगितले. 'उपक्रम' कुठे ठेवायचे हे बहुतेकांना कळले नाही, कारण त्या शब्दातून आत काय आहे ते कळतच नाही. त्याचे 'व्याख्याने व शिबिरे' केले आणि प्रश्न मिटला.

नवी पट्टी अशी झाली: पुस्तक शोधा, वेळा व पत्ता, सभासद व्हा, अभ्यासिका, बालविभाग, वाचनालयाविषयी. इतिहास, कार्यकारिणी, अहवाल सगळे शेवटच्यात गेले. अध्यक्षांना सुरुवातीला वाईट वाटले, ते स्वाभाविक होते, त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे त्या संस्थेला दिली आहेत. वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि "बरोबर आहे, लोकांचं आधी" एवढेच म्हणाले.

फिरती चित्रे काढून तिथे पुस्तक शोधण्याची चौकट आणि आजची वेळ आली. चित्रे ठेवायचीच असतील तर आपोआप फिरू देऊ नका. पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप हलणारे काहीही थांबवण्याची सोय असणे हा सुगम्यतेच्या अगदी पहिल्या पायरीवरचा निकष आहे, आणि सरकत्या सूचनांची पट्टीही त्यातच मोडते.

रंगाबद्दल एकच. आपल्याकडे केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे फार आवडतात. नेहमीचा केशरी, म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१, आणि पांढरा यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २.१ ला १ भरतो. साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५ ला १ लागतो. त्याच केशरीवर काळी अक्षरे ठेवली तर तो जवळजवळ १० ला १ होतो. केशरी सोडायची गरज नाही, अक्षरे काळी करा.

दुरुस्त केलेले परत का बिघडते

याचे सगळ्यात साधे कारण माझ्या लक्षात फार उशिरा आले. वर्डप्रेसवर मी बदल थेट थीमच्या फायलींत करत होतो. थीमची नवी आवृत्ती आली की त्या फायली पुसून नव्या यायच्या आणि होव्हर परत जागेवर. बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या थीममध्ये, ठेवा. मूळ थीम अद्ययावत झाली तरी ते टिकतात. पण थीमचे मोठे अद्ययावतन झाले की माउसशिवायची ती दोन मिनिटांची चाचणी पुन्हा करायचीच.

दुसरे कारण म्हणजे माणसे. नवे मंडळ आले की एक नवे पान येते आणि ते वरच्या पट्टीतच हवे असते. सहाचे नऊ होतात, पट्टी दोन ओळींत जाते, कुणीतरी अक्षरे लहान करते. यावर आम्ही ठराव करून घेतला: वरच्या पट्टीत सहाच शब्द, सातवा आणायचा तर सहातला एक खाली जाईल, आणि कोणता जाईल ते काउंटरवरची वही बघून ठरेल.

सुगम्यतेचे तयार विजेट, म्हणजे कोपऱ्यातले ते निळे माणसाचे चिन्ह, बसवून हे भागेल का असे मला बरेच जण विचारतात. त्याने अक्षरे मोठी होतील, रंग बदलतील. पण स्पॅन होता तो स्पॅनच राहील. सरांना ते दार उघडणार नाही.

खर्चाचा प्रश्न बैठकीत निघाला तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानले आहे. सरकारी साइटांसाठीची जीआयजीडब्ल्यू ही नियमावलीही तिसऱ्या आवृत्तीत डब्ल्यूसीएजी २.१ वर उभी आहे. लहान संस्थेवर ती थेट बंधनकारक नसली तरी तपासणीच्या यादीसारखी हाताशी ठेवण्याजोगी आहे.

महिन्याभराने सर पुन्हा आले. पान उघडले, पहिल्या टॅबवर 'मुख्य मजकुराकडे जा' ऐकू आले, एंटर, पुढच्या टॅबवर शोधाची चौकट. त्यांनी पुस्तकाचे नाव टंकले आणि 'उपलब्ध' ऐकले. मग मेनूतून 'बालविभाग' उघडून बघितला, एस्केपने मिटवला, पुन्हा उघडला. नातीसाठी नव्या पुस्तकांची यादी हवी होती, तीही लगेच सापडली. पण ती पीडीएफ म्हणजे कागद स्कॅन करून टाकलेले चित्र होते, त्यामुळे एनव्हीडीए काही बोलेना. या आठवड्यात ती यादी मॅडम आणि मी साध्या पानावर टंकून घेतो आहोत. ११४ पुस्तके आहेत, ६० झाली.